पाठमोरी कॉनी

१

त्या वर्षी आमच्या देशात जेवढे म्हणून चित्रपट निघाले, ते जवळजवळ सगळे मी पाहिलेत. लंडनच्या वर्तमानपत्रांत परीक्षणं लिहिणाऱ्या शहाण्यांनीही एवढे पाहिले नसतील. शिवाय ते गुबगुबीत खुर्चीत बसून पाहणार. मी पाहिले ते गुडघ्यांखाली गोणपाट घालून, एका हातात ब्रश आणि शेजारी बादली अशा थाटात.

छत्तीस साल होतं ते. जानेवारीत एक राजा वारला आणि वर्ष सरता सरता दुसऱ्यानं गादी सोडली. मँचेस्टरजवळच्या आमच्या हॅगशॉ गावाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. गिरणीचा भोंगा वाजायचा तेव्हा वाजायचा आणि संध्याकाळी कोरोनेट थिएटरबाहेर रांग लागायची ती लागायचीच. रांगेतल्या लोकांना हवे असायचे अमेरिकेचे चित्रपट. पण सरकारचा कायदा असा, की प्रत्येक थिएटरनं अमुक इतके देशी चित्रपट दाखवलेच पाहिजेत. मग इकडच्या कंपन्या आठवड्याभरात एकेक चित्रपट उरकून टाकायच्या. भिंती हलायच्या, फुलदाणी तीच, आणि नायक असा बोलायचा की जणू तोंडात गरम बटाटा धरलाय.

हे असले चित्रपट संध्याकाळी लावले तर लोक खुर्च्या मोडतील, हे आमच्या पिकपसाहेबांना पक्कं ठाऊक. ते मॅनेजर होते आणि डोक्यानं चलाख होते. सापही मरावा आणि काठीही मोडू नये म्हणून त्यांनी देशी चित्रपट सकाळी लावायला सुरुवात केली, साफसफाईच्या वेळी. दिवे अर्धे चालू, बाजूची दारं वाऱ्याला उघडी, आणि प्रेक्षक कोण, तर झाडूवाल्या दोघी, मी आणि सेलिना होल्डन. देशभर कितीतरी थिएटरांत हेच चालायचं म्हणे.

प्रोजेक्टरवर विल्फ असायचा. सकाळचं काम त्याला शिक्षा वाटायची. कुठल्याही चित्रपटाचं शेवटचं रीळ तो लावायचाच नाही, तेवढ्या वेळात तो चहाचं आधण ठेवायचा. मी एकदा हटकलं तर म्हणाला, "बाईसाहेब, कायद्याला शेवट लागत नाही."

त्यामुळे इतके चित्रपट पाहून मला एकाचाही शेवट माहीत नाही. चहा पिताना मी आणि सेलिना आमच्या मनानं शेवट करायचो. तिच्या शेवटात सगळे घरी परत यायचे. माझ्या शेवटात नायक फासावर जायचा.

२

सेलिना लहानखुरी, अबोल बाई. नवरा गिरणीतल्या कापसानं छाती भरून गेला, आणि मागे राहिली एकुलती एक कॉनी. पोरगी दिसायला बरी, त्यातून गल्लीतल्या बायकांनी तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवलेलं. वसंतात ती लंडनला गेली, चित्रपटात काम करायला. निम्मी गल्ली स्टेशनवर गेली होती. मीही गेले होते, रुमाल हलवून हलवून हात दुखला.

सुरुवातीला पत्रं आली. मग पोस्टकार्डं. मग काहीच नाही.

सेलिना कुणाला काही बोलली नाही, पण माझ्यापासून काय लपणार? आम्ही वापरलेली चहापत्ती ओली करून गालिच्यावर पसरायचो, म्हणजे धूळ उडत नाही, आणि मग झाडून काढायचो. एके दिवशी सेलिनानं चहापत्ती पसरली आणि तशीच ठेवून पुढच्या रांगेत निघून गेली. मी मागून जाऊन झाडून घेतली. तिची पोर जिवंत आहे की नाही हे सांगणारं त्या लंडनमध्ये कुणी नव्हतं, आणि विचारायला जायचं तर ही बाई आयुष्यात मँचेस्टरच्या पलीकडे गेलेली नव्हती.

उन्हाळ्यातली गोष्ट. मी खुर्च्यांखालून शेंगांची टरफलं काढत होते. पडद्यावर हॉटेलातलं काहीतरी चाललं होतं, हिऱ्यांचा हार चोरीला गेलेला. इतक्यात सेलिनानं माझा खांदा धरला.

"फ्लॉरी, ती बघ. आमची कॉनी."

मी वर पाहिलं. पुढे नायक आणि इन्स्पेक्टर बोलत होते. मागे बरीच टेबलं होती, त्यांतल्या शेवटच्या टेबलाशी एक मुलगी पाठमोरी बसली होती. फिक्या रंगाचा झगा, मानेवर अंबाडा. ती मधूनच दोन बोटांनी अंबाड्याखालचे केस चाचपायची. कॉनीची ती सवय मला माहीत होती. पिना नीट बसल्यात की नाही हे बघायची खोड.

मग दृश्य बदललं. सेलिना मधल्या वाटेत उभी राहून रडत होती आणि हसत होती. मलाही भरून आलं. मी तिला म्हटलं, बघ, पत्र लिहायला वेळ नाही पोरीला, कामात आहे. त्या दिवशी मी तिच्या वाटचे पितळी कठडे पुसले आणि तिला रिकामी खुर्ची दिली बसायला.

३

पुढच्या आठवड्यातल्या चित्रपटात ती पुन्हा दिसली. चित्रपट दुसऱ्या कंपनीचा होता, पण मला त्यात नवल वाटलं नाही. स्टुडिओ तेच, टेबल-खुर्च्या त्याच, मग गर्दीतली माणसंही तीच असणार. एक पोर बसवली की दहा चित्रपटांत दिसत असेल. मी सेलिनाला तसं सांगितलंही आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झाले.

मग जहाजाचा एक चित्रपट आला. डेकवर वारा सुटलेला, सगळ्यांच्या टोप्या उडत होत्या, आणि मागे कठड्याशी ती बसली होती. खुर्ची हॉटेलातलीच होती, उंच पाठीची, नक्षीची. तिच्या झग्याची कड हलत नव्हती. मी मनाशी म्हटलं, वारा म्हणजे पंखा असणार, तो तिथवर पोचला नसेल. चित्रपटवाल्यांच्या लबाड्या काय कमी असतात?

कोर्टाच्या चित्रपटात ती ज्युरीच्या मागे होती. तिथेही माझ्या डोक्यानं कारण शोधलं, ते काय होतं ते आता आठवत नाही.

आणि मग तो स्कॉटलंडचा चित्रपट आला. त्यात मात्र खरंखुरं माळरान होतं, ढग होते, मेंढ्या होत्या. नायिका टेकडीवरून धावत येते आणि तिच्या मागे, लांबवर, ठेंगण्या झुडपांत एक खुर्ची. खुर्चीत पाठमोरी ती. एवढ्या लांबून बोटं दिसायला नकोत, पण मानेवरचे केस चाचपताना दिसली.

माझा ब्रश बादलीत पडला. सेलिना पुढच्या रांगेतून माझ्याकडे वळली, तिचा चेहरा उजळला होता.

"थंडी वाजत असेल गं तिला," ती म्हणाली.

मी विल्फकडे गेले. त्याच्या खोलीत तेलाचा आणि गरम पत्र्याचा वास असायचा. मी त्याला विचारलं, ती खुर्चीतली मुलगी कोण ते कुठे लिहिलेलं असतं का? त्यानं विचारलं, कुठली मुलगी? मी सांगितलं. तो म्हणाला, मी हे चित्रपट बघत नाही, फक्त लावतो, आणि खरं सांगायचं तर तुम्हीही बघू नका, डोळे जातील.

त्याच्या खोलीच्या लहानशा काचेतून मी खाली पाहिलं. मेंढ्या होत्या, माळरान होतं. खुर्ची होती की नाही हे मला त्या धुरकट काचेतून सांगता येईना.

४

शरद लागला तशी सेलिना हाका मारायला लागली.

आधी पुटपुटायची. मग सरळ मोठ्यानं, अंगणातून पोराला हाक मारावी तशी. "कॉनी, ए कॉनी. वळ की जरा. आई आहे इथे." रिकाम्या थिएटरात तो आवाज बाल्कनीखाली जाऊन घुमायचा आणि थोड्या वेळानं परत यायचा. मला ते ऐकवायचं नाही. मी मुद्दाम बादल्या आपटायची.

तिला काय बोलणार? एक तर बिचारीला दुसरा आधार नव्हता. दुसरं म्हणजे, हाका मारायला लागल्यापासून पडद्यावरची मुलगी थोडी थोडी वळत होती.

हे मी कितीदा तरी नाकबूल केलं. नजरेचा खेळ म्हटलं, दिव्यांचा दोष म्हटलं. पण आधी नुसता अंबाडा दिसायचा, तिथे आता कानाची पाळी दिसत होती. नंतरच्या एका चित्रपटात, तो पाद्र्याच्या घरातल्या खुनाचा होता, गालाची कड दिसली. खूप गोरी कड. रंगवलेल्या बशीच्या कडेसारखी.

आणखी एक गोष्ट मी सेलिनाला कधी सांगितली नाही. चित्रपटातली माणसं त्या खुर्चीला वळसा घालून जायची. नायक दाराकडे सरळ जायचा सोडून कोचामागून फिरून जायचा. नोकराणी ट्रे घेऊन आली की तिथे पोचताच मान खाली घालायची. ज्या घरात प्रेत ठेवलेलं असतं त्या घरात माणसं अशी चालतात. आठवड्याभरात उरकलेल्या चित्रपटात इतका नेटका सराव कुणी करून घेतला असेल, असं मला वाटेना.

मी सेलिनाला म्हटलं, आपण पिकपसाहेबांना सांगून काही दिवस बाल्कनीचं काम घेऊ या. वरून पडदा नीट दिसत नाही. ती पहिल्यांदाच माझ्यावर रागावली.

"तुला पोर नाही, फ्लॉरी," ती म्हणाली. "तुला नाही कळायचं."

लागलं मला ते. खरं होतं म्हणून जास्त लागलं.

५

डिसेंबरात तिनं हट्ट धरला की शेवटचं रीळ बघायचं.

तिचा हिशेब साधा होता. चित्रपटात जे व्हायचं ते शेवटी होतं. हरवलेली माणसं शेवटी भेटतात, तोंड फिरवून बसलेली शेवटी वळतात. विल्फ दर वेळी शेवटच कापतो, मग पोर वळणार कशी? इतक्या वेळा ती वळायला लागते आणि हा दिवा बंद करतो.  तिचे हात मी माझ्या हातात घेतले. साबणानं सोलवटलेले, माझ्यासारखेच.

मला वाटलं, होऊन जाऊ दे. तोंड दिसलं की कळेल ही कॉनी नाही, कुणी परकी मुलगी आहे. ही बाई एक दिवस रडेल आणि मग माणसात येईल. मी विल्फला मटण-बटाटा भरून भाजलेल्या 'पाय'चं आमिष दाखवलं. तो कुरकुरला, पण ती माझ्या हातची होती. तयार झाला.

त्या सकाळी बाहेर धुकं होतं म्हणून बाजूची दारं लावलेली होती. चित्रपट एका मोठ्या घरातला, मृत्युपत्राच्या भांडणाचा. ती शेकोटीजवळ बसली होती, आजवर नव्हती इतकी पुढे. आम्ही झाडणं सोडून पहिल्यांदाच प्रेक्षकांसारख्या शेजारी शेजारी बसलो. सेलिनानं ॲप्रन काढून ठेवला होता आणि केस नीट केले होते.

शेवटचं रीळ लागलं. मृत्युपत्र सापडलं, खोटा पुतण्या पकडला गेला, नायकानं नायिकेचं चुंबन घेतलं. संगीत वाजलं, 'समाप्त'ची अक्षरं आली आणि गेली. पडदा काळा झाला.

मग रीळ संपल्याचा आवाज आला. फिल्मचं सुटलेलं टोक चक्रावर आपटायला लागलं, फट, फट, फट, आणि पडद्यावर नुसता पांढरा उजेड पडला.

त्या उजेडात खुर्ची होती.

६

शेकोटी नाही, घर नाही, काही नाही. पांढऱ्यावर खुर्ची आणि खुर्चीत ती.

"कॉनी," सेलिना हळूच म्हणाली. "आता वळ, बाळा."

मागचं दार उघडल्याचा आवाज मी ऐकला. गार हवा पायांवरून गेली. मधल्या वाटेनं कुणीतरी चालत येत होतं आणि आमच्या रांगेशी येऊन थांबलं. मी मान वळवली.

कॉनी होती. हातात पेटी, अंगावर ओला कोट, नाक थंडीनं लाल. केस कानाइतके आखूड कापलेले. सकाळच्या गाडीनं आली होती आणि आई इथेच असणार म्हणून घरी न जाता सरळ आली होती. तिचं सगळं मला नंतर कळलं. स्टुडिओच्या फाटकातूनच तिला परत पाठवलं होतं. एकाही चित्रपटात ती कधी नव्हती. बिस्किटांच्या कारखान्यात डबे भरत होती, आणि रुमाल हलवणाऱ्या गल्लीला हे काय लिहायचं म्हणून लिहीत नव्हती.

"आई," ती म्हणाली.

सेलिनानं पडद्यावरची नजर काढली नाही. नुसता हात वर केला, बोलणाऱ्याला गप्प करतात तसा.

"थांब जरा," ती म्हणाली. "माझी मुलगी आलीये."

 मी तिला हलवलं, अगं ही बघ, ही कॉनी, मागे बघ, असं काय काय ओरडले. ओरडता ओरडता माझीच नजर पुढे गेली. पडद्यावरची ती वळली नव्हती. तिनं खुर्चीच्या पाठीवर एक हात टेकला होता, उठणारं माणूस टेकतं तसा, आणि तो हात उजेडापेक्षाही पांढरा होता. मी कॉनीला जवळ ओढून तिचा चेहरा माझ्या खांद्यात दाबला आणि स्वतःचे डोळे मिटून घेतले. हे मला पटकन सुचलं, एवढंच म्हणते.

फटफट थांबली. विल्फनं यंत्र बंद केलं होतं. वरच्या काचेतून त्यानं विचारलं, झालं का समाधान बाईसाहेब, नुसता पांढरा पडदा किती वेळ बघणार?

सेलिना उठली. तिनं ॲप्रन बांधला. तिच्या चेहऱ्यावर इतकी शांती मी तिच्या लग्नातही पाहिली नव्हती. कॉनीकडे बघून ती प्रेमानं म्हणाली, "दमलेली दिसतेस पोरी. चल, घरी चहा देते."

कॉनीनं माझ्या खांद्यावरून पडद्याकडे थोडं पाहिलं होतं. तिला मी पुढे विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "ती माझ्याकडे बघत नव्हती, मावशी. ती आईकडे बघत होती."

७

नवं वर्ष लागलं. नव्या वर्षाचे चित्रपट यायला लागले, तेवढेच वाईट. सेलिना आता पडद्याकडे ढुंकूनही बघायची नाही. खाली मान घालून झाडायची, गाणं गुणगुणायची. बघायची ती मी. प्रत्येक चित्रपटातला प्रत्येक कोपरा मी नजरेनं झाडून काढला. हॉटेलं पाहिली, जहाजं पाहिली, एक माळरानही पाहिलं. ती कुठेच नव्हती. माणसं दाराकडे सरळ चालत जात होती.

मला हायसं वाटायला हवं होतं. काही दिवस वाटलंही.

कॉनीला गिरणीत काम मिळालं. मायलेकी एका घरात राहत होत्या, रविवारी चर्चला जात होत्या. गल्ली म्हणायची, सेलिनाचं नशीब उघडलं. मीही तेच म्हणायचे. मग एका रविवारी सेलिनानं मला चहाला बोलावलं.

समोरच्या खोलीत शेकोटी पेटलेली होती. टेबलावर पाव, लोणी, डबाबंद सामन मासा. कॉनी माझ्यासमोर बसली होती, बारीक झालेली. केस वाढवत नव्हती. कारखान्यात कसं होतं, लंडनच्या बायका कशा बोलतात, असं मी काहीबाही विचारत होते आणि ती नीट उत्तरं देत होती. सेलिना आत किटलीशी होती. मला दिसलं की आम्ही तिघी, पण टेबलावर कप चार आहेत. 

आतून सेलिनानं हाक मारली, मोकळी, आनंदी हाक. "कॉनी, ए कॉनी. चहा झाला गं."

कॉनी जागची हलली नाही. रिकाम्या कपात चमचा फिरवत राहिली.

"अगं, आई बोलावतेय," मी म्हटलं.

"मला नाही, मावशी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. "मला ती 'पोरी' म्हणते. नाव आता तिचं झालंय."

जिन्याच्या वरच्या पायरीवर पाऊल वाजलं. मग त्याखालच्या. सावकाश, नुकतंच चालायला शिकलेल्या माणसासारखं. माझी पाठ जिन्याकडे होती आणि मी ती तशीच ठेवली.

कॉनीनं आपला कप उचलला, आणि टेबलाशी जागा करून दिली.